निपाणीचा तंबाखू आणि वाटपाचे माप

एखाद्या गृहस्थाने आपल्या घरचा जमाखर्च मांडावा, ही गोष्ट तशी सोपी आहे. मिळविणारे आणि खाणारे एकाच छपराखाली राहतात. कोणाच्या ताटात काय पडले, हे सर्वांना दिसते. परंतु जी तिजोरी अनेक प्रदेशांच्या आणि अनेक भाषांच्या लोकांनी मिळून भरावयाची, तिच्यातून आधी कोणासाठी आणि किती काढावयाचे, हा प्रश्न पिढ्यानुपिढ्या सुटत नाही. अशा तिजोरीविषयी इतिहास एक गोष्ट वारंवार सांगतो : आकड्यांवरून होणारे वाद वरवरचे असतात, खरा निर्णय वाटपाचे माप ठरते त्याच वेळी झालेला असतो. बेळगाव-निपाणी या सीमाभागाची कहाणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

१९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा प्रथम मुंबई इलाख्यात व पुढे मुंबई राज्यात होता. मराठी, गुजराती, कानडी आणि १९३६ पर्यंत सिंधी, अशा चार भाषांचे लोक तेथे एकाच अंदाजपत्रकाखाली नांदत. या प्रांतिक अंदाजपत्रकालाही प्रारंभी स्वतःचे असे फारसे अस्तित्व नव्हते. १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या सरकारने आर्थिक विकेंद्रीकरणास आरंभ केला. प्रथम प्रांतांना ठरीव रकमा मिळत. नंतर काही उत्पन्ने त्यांच्याकडे नेमून देण्यात आली. पुढे मध्यवर्ती सरकार व प्रांत यांनी उत्पन्नात भागी करावी, अशी रीत पडली. या तीन पायऱ्यांचा सांगोपांग इतिहास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिला आणि त्यांचा तो ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात निपाणी येथे भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेस ते आले होते. ग्रंथात चर्चिलेला प्रश्न पुढे त्याच निपाणीच्या पिकावरून उभा राहावयाचा होता.

निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, हिंदुस्थान सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसविला. हा कर केवळ कारखान्यातील मालावर नव्हता, शेतात पिकलेल्या पानावरही होता. साहजिकच शेतकरी आणि वखारवाला हे दोघेही अबकारी खात्याच्या वहीत आले. वखारीतला माल कर भरल्यावाचून बाजारात आणता येईना. हा पैसा सरळ दिल्लीस जाई. ज्या प्रांतात तंबाखू पिके, त्या प्रांतालाही प्रारंभी त्यात वाटा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर वाटपाचा प्रश्न नव्याने निघाला. प्राप्तिकरातील प्रांतांच्या वाट्यासंबंधी १९५० साली चिंतामणराव देशमुख यांनी निवाडा दिला. त्यात मुंबईचा वाटा शेकडा २१ ठरला. पुढे के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वित्त आयोगाने १९५२ च्या अखेरीस आपला अहवाल दिला. कर जेथे जमा होतो तेथे त्याचा मोठा भाग परत जावा, असे मुंबई आणि पश्चिम बंगाल यांचे म्हणणे होते. माणसे जेथे अधिक तेथे पैसा अधिक हवा, असे उत्तर प्रदेश व बिहार म्हणत. आयोगाने शेकडा ८० भाग लोकसंख्येला आणि २० भाग वसुलीला दिला. मुंबईचा वाटा शेकडा साडेसतरावर आला. याच आयोगाने तंबाखू, आगपेट्या आणि वनस्पती तूप यांवरील अबकारी उत्पन्नाचा शेकडा ४० भाग राज्यांना द्यावा, असे ठरविले. पण त्याचे माप केवळ लोकसंख्या हेच ठेवले. म्हणजे निपाणीच्या वखारीतून निघालेला रुपया, जेथे तंबाखूचे रोप कोणी पाहिलेही नव्हते अशा प्रदेशातही डोकी मोजून वाटला जाऊ लागला.

यात अन्याय झाला काय? एकाएकी तसे म्हणता येणार नाही. वसुलीचेच माप धरले, तर श्रीमंत प्रांत श्रीमंतच राहील आणि दरिद्री प्रांताने कायम हात पसरावा, असे होईल. परंतु देणाऱ्याचे मन दुखावले की संयुक्त तिजोरीवरील विश्वास ढळतो, हेही तितकेच खरे. युरोपातील राष्ट्रांनाही हाच अनुभव आला. १९७३ साली त्यांच्या आर्थिक समुदायात सामील झालेल्या ब्रिटनची तक्रार अशी की, सामाईक खर्चाचा मोठा भाग शेतीवर होतो व आपल्याकडे शेती थोडी. अखेर १९८४ साली फोंतेनब्लो येथील बैठकीत ब्रिटनला त्याच्या भरण्यातील काही भाग परत देण्याचे ठरले.

सीमाभागाच्या बाबतीत मात्र एक निराळीच अडचण निर्माण झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी व खानापूर हा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला. दुसऱ्याच वर्षी तंबाखू, साखर आणि गिरणीचे कापड यांवरील विक्रीकर राज्यांनी सोडून द्यावा व त्याऐवजी केंद्राने जादा अबकारी कर घेऊन तो राज्यांना वाटावा, अशी योजना झाली. राज्यांचे पूर्वीचे उत्पन्न राखून उरलेली रक्कम वाटताना मुख्यतः माल कोठे खपतो हे पाहिले गेले. पिकविणाऱ्या गावाला येथेही स्थान नव्हते. १९७९ साली कच्च्या तंबाखूवरील अबकारी कर उठला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तोही खपाच्या ठिकाणीच जमा होतो.

ज्या दोन राज्यांत या भूमीवरून वाद आहे, त्यांचे दिल्लीतील गाऱ्हाणे मात्र एकच आहे. आम्ही भरतो अधिक आणि आमच्याकडे येते कमी, असे महाराष्ट्र म्हणतो, तसेच कर्नाटकही म्हणते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी कर्नाटकाचा वाटा शेकडा ४.७१ वरून ३.६५ वर आणला, तेव्हा तेथे मोठी नाराजी पसरली. परंतु दिल्लीत आपला न्याय्य वाटा मागणाऱ्या राजधानीने, स्वतःच्या दूरच्या तालुक्यांनी तोच प्रश्न विचारला असता, कोणते माप लावावे?

कर्नाटकात या प्रश्नाचा विचार झालाच नाही, असे नाही. डॉ. नंजुंडप्पा यांच्या समितीने २००२ साली राज्यातील १७५ तालुक्यांची पाहणी करून ११४ तालुके मागास ठरविले आणि विशेष योजनेतील शेकडा ६० रक्कम उत्तरेकडील भागासाठी सुचविली. गरज हे माप येथे मान्य झाले, ही मोठीच गोष्ट होय. याच बेळगावात २०१२ साली सुमारे ४०० कोटी रुपये खर्चून सुवर्ण विधानसौध उभे राहिले. राज्याची सत्ता उत्तरेकडे दिसावी हा त्यातील हेतू. पण अधिवेशनाचे थोडे दिवस सोडता अशा वास्तूचा उपयोग किती, हा प्रश्न उत्तर कर्नाटकातील कानडी माणसानेही विचारला आहे.

महाजन आयोगाने १९६७ साली बेळगाव म्हैसुरात ठेवावे आणि निपाणी महाराष्ट्रास द्यावी, असे सुचविले. तो अहवाल अमलात आला नाही, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ८६५ सीमावर्ती गावांना आपली आरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटक सरकारने त्यास हरकत घेतली. एका राज्याने दुसऱ्या राज्यातील रोग्यासाठी पैसा ठेवावा आणि त्यावरून तंटा व्हावा, ही स्थिती दोघांनाही भूषणावह नाही. रोग्याला उपचार हवा असतो. त्याचा खर्च कोणत्या सरकारच्या खात्यावर पडतो, याची त्याला फिकीर नसते.

श्रोतेहो, ज्या वर्षी हा प्रदेश म्हैसुरात गेला, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम घटनेत आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. हे भाषेविषयीचे कलम तर आहेच, परंतु ते खर्चाचा क्रमही सांगते. शिक्षकाचा पगार, पाठ्यपुस्तक आणि शाळेची खोली यांवाचून ‘पुरेशी सोय’ या शब्दांना अर्थ नाही. सीमा कोठे असावी, याचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. तोवर निपाणीच्या मुलाची शाळा, खानापूरच्या रोग्याचा दवाखाना आणि बेळगावच्या नागरिकाला समजेल अशा भाषेतील सरकारी कागद, या गोष्टी वादाच्या निकालासाठी अडवून ठेवण्याचे कारण नाही. दिल्लीकडे न्याय्य माप मागण्याचा अधिकार बंगळूरला आहे आणि मुंबईलाही आहे. तेच माप आपल्या सीमेवरच्या माणसाला लावले, तर त्या मागणीचे वजन निश्चितच वाढेल.