काझी सय्यद करीमुद्दीन : एका हरलेल्या दुरुस्तीची कहाणी

आमच्या राजूर गावात लोकनायक बापूजी अणे यांची ओळख करून द्यावी लागत नाही. 1880 साली शेजारच्या वणीत जन्मलेला हा माणूस 1930 मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेला, मध्यवर्ती कायदेमंडळात गाजला आणि 1962 मध्ये, ऐंशी वर्षे उलटल्यावर, नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आला. त्यांचा अभिमान आम्हालाही आहे. पण याच यवतमाळ जिल्ह्याने देशाला आणखी एक लोकप्रतिनिधी दिला, काझी सय्यद करीमुद्दीन. हे नाव राजूरच्या मशिदीसमोर विचारा, चुनाभट्टीवर विचारा, कोळसा खाणीच्या वसाहतीत विचारा. कोणी सांगू शकणार नाही. दुसऱ्यांना नावे का ठेवावीत? उर्दू शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या आम्हालाही बरीच वर्षे ते ठाऊक नव्हते.

ठाऊक झाले ते एका मुलाच्या प्रश्नामुळे. मूलभूत हक्कांचा धडा चालू असताना आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, पोलिस कागद न दाखवता घरात शिरू शकतात का?" वर्ग एकदम शांत झाला. काही प्रश्न पुस्तकातून येत नाहीत, घरातून येतात. त्या दिवशी आम्ही अर्धवट उत्तर दिले आणि पुरे उत्तर शोधत संविधान सभेच्या चर्चेपर्यंत पोचलो. तिथे आम्हाला आमच्याच जिल्ह्याचा वकील भेटला.

1946 साली संविधान सभेच्या निवडणुका झाल्या तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडच्या वाट्याला सतरा जागा आल्या. त्यांत मुसलमानांसाठी जागा होती फक्त एक. सामान्य माणसाला या निवडणुकीत मत नव्हते, प्रांतिक विधानसभेचे सदस्य आपापल्या गटातून प्रतिनिधी निवडत. मुसलमानांच्या त्या एकमेव जागेवर करीमुद्दीन मुस्लिम लीगतर्फे गेले. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. ज्या पक्षाने देशाच्या फाळणीची मागणी केली, त्याच पक्षाच्या नावावर ते निवडून आले होते. लीगने सुरुवातीला या सभेवर बहिष्कार टाकला. फाळणी ठरल्यावर, जुलै 1947 मध्ये, भारतात राहणारे लीगचे सदस्य सभेत येऊन बसले. त्या बाकांवर बसणे किती कठीण असेल याची कल्पना करावी. दिल्लीत निर्वासितांचे तांडे येत होते, रक्त वाळले नव्हते, आणि या मूठभर लोकांच्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहिले जात होते.

अशा वेळी करीमुद्दीन काय मागतात? संविधान सभेत बहुतेक निर्णय आवाजी मताने होत, त्यामुळे कोणत्या सदस्याने कुठे हात वर केला याचा तक्ता मिळत नाही. सदस्याच्या मतांचा हिशेब त्याने मांडलेल्या दुरुस्त्यांवरूनच करावा लागतो. करीमुद्दीन यांच्या दोन दुरुस्त्या आम्हाला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. दोन्ही हरल्या.

पहिली 3 डिसेंबर 1948 ची. मसुद्यातल्या चौदाव्या कलमाला त्यांनी एक पोटकलम जोडायला सांगितले. त्याचा आशय असा, की लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना गैरवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, आणि सबळ कारण शपथेवर दाखवल्याशिवाय व झडतीची जागा स्पष्ट सांगितल्याशिवाय वॉरंट निघू नये. अमेरिकेच्या राज्यघटनेत चौथ्या दुरुस्तीने हे संरक्षण अठराव्या शतकातच आले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही असेच कलम होते. पण मसुदा तयार होण्यापूर्वीच अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांच्यासारख्या कायदेपंडितांनी आक्षेप घेतला आणि ते गळले. बाबासाहेबांच्या निवेदनातून मसुद्यापर्यंत न पोचलेली गोष्ट यवतमाळच्या करीमुद्दीन यांनी पुन्हा सभेपुढे ठेवली.

बाबासाहेबांचे उत्तर मोठ्या मनाचे होते. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, असे ते म्हणाले. पण उद्याचे एखादे कायदेमंडळ ती काढून टाकू शकेल, म्हणून ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट आहे, असे सांगून त्यांनी दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. मसुदा समितीचा अध्यक्ष तयार होता, तरी सभा तयार झाली नाही. मतास टाकल्यावर दुरुस्ती फेटाळली गेली.

दुसरी दुरुस्ती जानेवारी 1949 मधली, लोकसभेच्या निवडणूक पद्धतीची. विभक्त मतदारसंघ तोपर्यंत मोडीत निघाले होते. करीमुद्दीन यांनी ते परत मागितले नाहीत. त्यांनी अनेक जागांचे मतदारसंघ आणि संचित मतपद्धती सुचवली. समजा, एका मतदारसंघात तीन जागा आहेत. प्रत्येक मतदाराला तीन मते मिळतील, आणि ती तिन्ही तो एकाच उमेदवाराला देऊ शकेल. म्हणजे एक चतुर्थांशाहून थोडे अधिक मतदार एकदिलाने उभे राहिले तर त्यांचा एक प्रतिनिधी नक्की निवडून येतो. यात धर्माचे नाव कुठेच नाही. खाणमजूर असोत, विणकर असोत, आदिवासी असोत, ज्यांची संख्या कमी त्यांना या पद्धतीत आवाज मिळतो. बाबासाहेबांनी ही सूचना मात्र नाकारली. अशा मतदानासाठी साक्षरता हवी, ती देशात नाही, आणि कायदेमंडळाचे तुकडे पडून सरकार अस्थिर होईल, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा मुद्दा आजही हलका नाही. पुढे मे 1949 मध्ये मसुद्यातल्या मुसलमानांच्या राखीव जागाही रद्द झाल्या.

पुढे करीमुद्दीन राज्यसभेवरही गेले. पण लोकांच्या स्मरणातून त्यांचे नाव गेले. हरलेल्यांची जयंती कोण साजरी करतो?

त्यांच्या हरलेल्या मताची किंमत मात्र देशाने मोजली. 1954 साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितले, की अमेरिकेसारखे झडतीविरुद्धचे कलम आपल्या घटनाकारांनी घातलेले नाही, म्हणून तो हक्क ओढूनताणून आणता येणार नाही. डिसेंबर 1948 मध्ये एक दुरुस्ती पडली, आणि त्याचा परिणाम सहा दशकांहून अधिक काळ राहिला. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार कार्ड दिले गेले. मग सगळा देश बोटांचे ठसे द्यायला रांगेत उभा राहिला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टास्वामी यांनी 2012 मध्ये या योजनेला आव्हान दिले, तेव्हा सरकारने त्याच जुन्या निकालाचा आधार घेत खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असा युक्तिवाद केला. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीची चर्चा आहे. संविधान सभेने जे दार लावले, ते जवळजवळ सत्तर वर्षांनी न्यायालयाने उघडले.

आता त्या मुलाचे उत्तर. कायद्याने ठरवलेल्या काही प्रसंगी पोलिसांना वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण त्याची कारणे लिहून ठेवावी लागतात. झडतीला पंच लागतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडतीचे चित्रीकरणही करावे लागते. एवढे उत्तर आम्ही वर्गात दिले. सोबत सूरे नूरमधली ताकीदही सांगितली, की दुसऱ्याच्या घरात परवानगी मागून आणि सलाम करूनच जावे, आणि परत जा म्हटले तर परत फिरावे. मुलांना ती घरूनच पाठ होती. तीच गोष्ट राज्यघटनेत लिहावी म्हणून आपल्याच जिल्ह्याचा एक माणूस दिल्लीत उभा राहिला होता, हे मात्र त्यांना नवे होते.

आपल्या समाजात आमदार-खासदारांचा हिशेब आपण कसा मांडतो? कब्रस्तानाची भिंत कोणी बांधून दिली, इफ्तारला कोण आला, एवढ्यावर. सभागृहात तो काय बोलला, कोणत्या बाजूला मत दिले, हे आपण विचारत नाही. करीमुद्दीन यांना मुसलमानांच्या एका जागेवरून पाठवले होते. त्यांनी त्या जागेवरून प्रत्येक हिंदुस्थानी माणसाच्या घराच्या उंबरठ्याचे संरक्षण मागितले. त्यात राजूरच्या चुनाभट्टीवरच्या मजुराची झोपडी होती आणि नागपूरच्या धनिकाची हवेलीही होती. समाजाचा प्रतिनिधी असण्याचा याहून चांगला अर्थ आम्हाला माहीत नाही.

मत हरले म्हणून वाया गेले असे होत नाही. ते नोंदीत राहते आणि कोणीतरी वाचण्याची वाट पाहते. न्यायालयाने ते वाचले. आता आपणही वाचावे, आणि आपल्या मुलांना वाचून दाखवावे.