मायानगरीचे शिल्पी

ज्या १९९७ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे घडविलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ हा संगणकीय खेळ प्रसिद्ध झाला, त्याच साली बेंगळुरूत राजेश राव यांनी ‘ध्रुव इंटरअ‍ॅक्टिव्ह’ स्थापन केली. या खेळात सारे नगरच खेळणाऱ्यास मोकळे असते: मोटार चोरावी, पोलीस पाठीस लागताच पळावे, अथवा नुसते भटकावे. २०१३ च्या पाचव्या भागातील लॉस सँटॉस हे लॉस एंजेलिसवरून बेतले आहे. अशा नगराची प्रत्येक भिंत, प्रत्येक गाडी कोणीतरी घडवावी लागते. ध्रुवचे कलावंत परदेशी खेळांसाठी अशीच कामे करीत. खेळाच्या मालक रॉकस्टार कंपनीने २०१६ मध्ये बेंगळुरूत शाखा काढली आणि २०१९ मध्ये ७९ लाख डॉलरांना ध्रुव विकत घेतली.

इतिहासात व्यवहार नोंदला जातो, हात नव्हेत. मसुदा एकाचा, सही दुसऱ्याची, हे आम्हां कारकुनांस ठाऊकच आहे. परंतु याच कर्नाटकात बेलूरच्या दासोजादी शिल्पींनी मूर्तींखाली आपली नावे कोरली. म्हणून नऊशे वर्षांनंतरही आम्ही ती उच्चारतो. खेळाच्या अखेरीस सरकणारी नामावली हा आजचा शिलालेख होय. तो वाचल्यावाचून या नगरांचा इतिहास पुरा व्हावयाचा नाही.