पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र

पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा विषय निघाला की बोलणे टिळक-गोखल्यांपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. आज आपण थोडे मागे जाऊ. पुण्याने साऱ्या देशाच्या वतीने बोलायला सुरुवात कशी केली आणि तसे बोलण्याचा अधिकार पुणेकरांनी कुठून आणला, एवढाच प्रश्न मी आज घेतला आहे. गंमत अशी, की त्याचे उत्तर शोधायला पर्वतीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

पर्वतीचे देवस्थान नानासाहेब पेशव्यांचे. १८१८ साली पेशवाई गेली, पण देवस्थान राहिले आणि त्याचा कारभार पंचांकडे आला. १८७० च्या सुमारास या कारभाराबद्दल शहरात बरीच कुरकुर होती. तक्रार सरकारच्या कानावर घालायची, तर ती घालणार कोण? चार वजनदार माणसांनी अर्ज केला असता, तर ‘तुम्हाला कोणी विचारले?’ असे साहेब म्हणायला मोकळा होता. तेव्हा लोक आणि सरकार यांच्यामध्ये उभी राहील, लोकांच्या वतीने बोलेल, अशी एखादी कायमची संस्थाच हवी, असा विचार निघाला. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचे घराणे सर्वांना ठाऊक आहे. त्या घराण्यातले औंधचे अधिपती सभेचे पहिले अध्यक्ष झाले. पण सभेचा प्राण होते मूळचे साताऱ्याचे आणि पुण्यात वकिली करणारे गणेश वासुदेव जोशी. सभेशी ते इतके एकरूप झाले, की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’च म्हणू लागले. (अर्थशास्त्रावर लिहिणारे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी वेगळे. आद्याक्षरे एकच असल्यामुळे अभ्यासकांचीही अधूनमधून गफलत होते.)

या सभेचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्गणी भरली आणि सभासद झाले, असे इथे चालत नसे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. ‘आमच्या वतीने सार्वजनिक कामांत बोलण्याचा अधिकार आम्ही या गृहस्थांना देत आहोत’, असा त्याचा आशय. सही करणारा कोणत्याही जातीधर्माचा चाले. सुरुवातीला पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्यामागे सहा हजार माणसे होती. म्हणजे सरासरीने एकेका सभासदामागे साठाहून अधिक सह्या.

ही गोष्ट किती नवी होती हे ध्यानात घ्यायला हवे. त्या वेळी पुण्याच्या नगरपालिकेतदेखील सभासद सरकार नेमत असे. निवडणुकीचा वारा लागला तो पुढे रिपनच्या कारकिर्दीत. कलकत्त्याची ब्रिटिश इंडियन असोसिएशन जमीनदारांची होती, मुंबईची बॉम्बे असोसिएशन शेटियांची. त्या संस्थांमध्ये माणसे आपल्या प्रतिष्ठेच्या जोरावर बोलत. पुण्याचे सभासद निदान कागदावर तरी दुसऱ्याने दिलेल्या अधिकारावर बोलू लागले. ही कल्पना सुचली ती वकिलाच्या डोक्यातून, यात नवल नाही. वकीलपत्र असल्याशिवाय वकिलाला कोर्टात तोंड उघडता येत नाही. काकांनी तोच दंडक राजकारणाला लावला.

१८७१ साली महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सभेला विचारांची बैठक मिळाली. सरकारी नोकरीत असल्यामुळे पुढे बसणे त्यांना शक्य नव्हते, पण लेखणी बरीचशी त्यांचीच होती. आपसांतले तंटे मिटवायला लवादाची न्यायसभा निघाली, देशी मालाचा प्रचार सुरू झाला. १८७५ साली तर सभेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला, की हिंदुस्थानचे प्रतिनिधी त्या सभागृहात बसले पाहिजेत. पर्वतीच्या पंचांचा हिशेब मागायला निघालेली मंडळी पाच वर्षांत लंडनच्या दारात उभी राहिली! १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, आणि १८७८ पासून तिचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले.

पण काकांचे नाव देशभर झाले ते दिल्ली दरबारामुळे. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून जाहीर करण्यासाठी लॉर्ड लिटनने दरबार भरवला. इकडे दक्षिणेत दुष्काळाने माणसे मरत होती आणि तिकडे हिरे-माणकांनी मढलेले राजेरजवाडे जमले होते. त्यांच्यात पुण्याचा हा वकील हातच्या सुताचे पांढरे जाडेभरडे कपडे घालून गेला. देशी कापडाचे व्रत त्याने १८७२ सालीच घेतले होते. सभेच्या वतीने त्याने अतिशय नम्र भाषेत मागणी केली, की राणीच्या ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे, तोच हिंदी प्रजेलाही मिळावा. मागणी मान्य होण्याचा प्रश्नच नव्हता. तरी राजांच्या मेळाव्यात राजा नसलेला एक माणूस ‘आम्ही’ म्हणून बोलला, हे घडून गेले.

दोन वर्षांनी याच माणसाने आणखी एक धाडस केले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. फडक्यांच्या बंडाशी सभेचा संबंध असावा असा सरकारला दाट संशय होता. रानड्यांची बदली धुळ्याला झाली ती याच दिवसांत. अशा वेळी फडक्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे संशय स्वतःवर ओढवून घेणे. काकांनी ते वकीलपत्र घेतले. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठवण्यात आले. पुढच्याच वर्षी, जुलै १८८० मध्ये, काका वारले.

आता दुसरी बाजू. सह्या कोणत्याही जातीच्या माणसाच्या चालत होत्या हे खरे, पण सभासदांच्या यादीत ब्राह्मणांचा भरणा मोठा होता; जोडीला सरदार, इनामदार, काही व्यापारी. सही देणारा एक आणि बोलणारा दुसरा, अशी ही व्यवस्था. सही देणाऱ्याला काही सांगायचे असेल, तर ते वर पोहोचत होते का?

हा प्रश्न पुण्यातच, अगदी हाकेच्या अंतरावरून विचारला गेला. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला. रानड्यांशी त्यांचे पूर्ण वैर होते असे समजू नये. १८७५ साली दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीत दोघे एका बाजूला होते. पण ‘सार्वजनिक’ हा शब्द मूठभरांनी वापरावा, हे जोतीरावांना मान्य नव्हते. शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सारे शिकून एकमय झाल्याशिवाय ‘नेशन’ बनतेच कसे, अशी त्यांची हरकत. सार्वजनिक सभा आणि राष्ट्रीय सभा या दोहोंवर त्यांनी या मुद्द्यावरून कोरडे ओढले, आणि स्वतःच्या शेवटच्या ग्रंथाच्या नावात मात्र ‘सार्वजनिक’ हाच शब्द ठेवला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले.

दिल्ली दरबाराला उत्तर शोभेल असा एक प्रसंग जोतीरावांच्याही चरित्रात आहे. मार्च १८८८ मध्ये राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात समारंभ केला. जोतीराव तिथे शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि या दागिने घातलेल्या पाहुण्यांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत जा, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. काकांची खादी आणि जोतीरावांचे घोंगडे यांत अकरा वर्षांचे अंतर आहे. दोघांनीही कपड्यांतूनच सांगितले की मी कुणाच्या वतीने आलो आहे. पण काकांच्या मागे सह्या करणारे होते आणि जोतीरावांच्या मागे, बहुतांशी, सही करता न येणारे.

या दोन प्रसंगांच्या मधे राष्ट्रीय सभा जन्मली. ती जन्मायची होती पुण्यात! डिसेंबर १८८५ मधल्या पहिल्या अधिवेशनासाठी पर्वतीजवळची पेशव्यांची बाग, आपली हिराबाग, मुक्रर झाली होती आणि यजमान होती सार्वजनिक सभा. ऐन वेळी शहरात पटकीची साथ आली आणि बैठक मुंबईला, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलली. बहात्तर प्रतिनिधी जमले. पुण्याहून आगरकर, वामन शिवराम आपटे, सीताराम हरी चिपळूणकर वगैरे गेले. रानडेही हजर होते, पण सरकारी नोकर म्हणून प्रतिनिधी नव्हेत. या बहात्तरांपैकी बहुतेकांपाशी मुखत्यारपत्र कसले ते नव्हते. ज्यांना कळवले आणि ज्यांना येणे जमले, ते प्रतिनिधी. पुण्याचा पन्नास सह्यांचा नियम राष्ट्रीय पातळीवर गेलाच नाही.

दहा वर्षांनी, १८९५ साली, अधिवेशन अखेर पुण्यात भरले. अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी, प्रतिनिधी दीड हजारांहून अधिक. पण त्याच मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरवायची की नाही, यावरून शहरात असे वादळ उठले की शेवटी रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. त्याच साली सार्वजनिक सभाही टिळकपक्षाच्या हाती गेली आणि रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली. पुढल्या दुष्काळात टिळकांच्या मंडळींनी खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना फॅमिन कोडातले हक्क समजावून सांगितले. सरकारला ते झोंबले, आणि १८९७ साली सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार करण्याचे सरकारने बंद केले. मला तर वाटते, की ज्या क्षणी सभा सही देणाऱ्यांपर्यंत खरोखर पोहोचू लागली, त्याच क्षणी सरकारच्या लेखी ती कुणाचीच प्रतिनिधी उरली नाही.

टिळकांना मग सह्यांची गरज भासली नाही. केसरी, गणेशोत्सव आणि कोर्ट ही त्यांची तीन व्यासपीठे. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी वकीलपत्र कुणालाच दिले नाही. ज्यूरीपुढे स्वतःच एकवीस तासांहून अधिक बोलले. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. ज्या माणसांना सभासदाच्या यादीत कधी जागा नव्हती, त्यांनी ही सही केली होती. गोखल्यांचा मार्ग निराळा होता, कायदेमंडळातला आणि १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचा. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. इथे सोडून देतो.

पर्वती मात्र सोडता येत नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये तिथे अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज पुढे होते, काकासाहेब गाडगीळांसारखी काँग्रेसची तरुण मंडळी बरोबर होती. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले, दरवाजे उघडले नाहीत. ज्या देवस्थानाच्या हिशेबातून ‘सार्वजनिक’ शब्द पुण्याच्या राजकारणात आला, त्याच्या पायऱ्यांवर त्या शब्दाची हद्द दिसली.

दोन वर्षांनी, १९३१ मध्ये, लंडनच्या गोलमेज परिषदेत तोच वाद साऱ्या जगापुढे आला. अस्पृश्यांचाही प्रतिनिधी मीच, असे गांधीजी म्हणाले, डॉ. आंबेडकरांनी ते साफ नाकारले. ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवाड्याने अस्पृश्यांना विभक्त मतदारसंघ मिळाले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबर १९३२ रोजी उपोषण सुरू केले, आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. तारीख पाहा: सत्यशोधक समाजाची स्थापना बरोबर एकोणसाठ वर्षांपूर्वी याच दिवशी झाली होती. करारावर आंबेडकर, मालवीय, राजगोपालाचारी आदींच्या सह्या आहेत, गांधीजींची नाही.

करारातली व्यवस्था आज फारशी कुणाला आठवत नाही. राखीव जागा एकाहत्तरच्या एकशेअठ्ठेचाळीस झाल्या, विभक्त मतदारसंघ गेले. त्याऐवजी दुहेरी निवडणूक आली. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतून एकाला मतदारसंघातल्या सगळ्यांनी मिळून. म्हणजे मुखत्यारपत्र द्यायचे अस्पृश्यांनी आणि त्यावर शिक्का मारायचा बाकीच्यांनी. पहिल्या फेरीत मागे पडलेला माणूस दुसऱ्या फेरीत निवडून येऊ शकत होता. आंबेडकरांनी पुढे नेमके याच जागी बोट ठेवले. १९४६ च्या निवडणुकीत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला पहिल्या फेरीत भरपूर मते मिळाली, आणि दुसऱ्या फेरीत उमेदवार धडाधड पडले.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळाचे अधिवेशन पुण्यात भरले, तेव्हा फेडरेशनने कौन्सिल हॉलसमोर पुणे कराराच्या निषेधाचा सत्याग्रह केला. शेकडो लोकांनी अटक करून घेतली. फेडरेशनचे सरचिटणीस होते पां. ना. राजभोज.