भिंगरीचें कुळ आणि दख्खनचे किल्ले

कंधार, औसा, उदगीर यांसारख्या किल्ल्यांचा इतिहास म्हटला म्हणजे राजघराणीं, तोफा आणि तह यांचेंच स्मरण होतें. परंतु दगडी कमानींच्या आश्रयानें राहणाऱ्या एका पक्षिकुळासही इतिहास आहे. तें कुळ भिंगऱ्यांचें.

सर्वसाधारण मनुष्य भिंगरीलाही पाकोळीच म्हणतो. त्यास हंसण्याचें कारण नाहीं. स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनीयस यानेंही १७५८ सालीं दोघींस एकाच गटांत बसविलें होतें. १७७७ मध्यें स्कोपोली यानें पाकोळीला निराळें स्थान दिलें. पाकोळीचीं चारही बोटें पुढें वळतात, म्हणून ती भिंतीला लटकते, पण तारेवर बसूं शकत नाहीं. श्रोत्यांनीं सायंकाळीं तारेवरील पक्ष्यांची रांग न्याहाळून पाहावी. ती भिंगऱ्यांची असूं शकेल, पाकोळ्यांची कधींच नव्हे. दोघींचें रूप सारखें दिसतें तें नात्यामुळें नव्हे, तर उडतां उडतां किडे टिपण्याच्या एकाच धंद्यामुळें.

दख्खनी भिंगऱ्यांस शास्त्राच्या वहींत जागा मिळाली ती साइक्स या लष्करी अधिकाऱ्यामुळें. १८२४ पासून तो मुंबई सरकारसाठीं दख्खनची आंकडेवारी गोळा करीत होता. १८३२ मध्यें त्यानें लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढें येथील पक्ष्यांची यादी मांडली. तींत दोन भिंगऱ्यांचें वर्णन नव्यानें आलें: एक लाल कमरेची, सुरईसारखें घरटें बांधणारी, दुसरी सर्वांगीं धुरकट, अर्ध्या वाटीसारखें चिखलाचें घरटें चिकटविणारी. पुढें १९३१-३२ मध्यें सालिम अली यांनीं हैदराबाद संस्थानची पक्षिपाहणी केली. नांदेड व आजच्या लातूरचा मुलूख तेव्हां त्याच संस्थानांत मोडत असे.

धुरकट भिंगरीचें मूळ घर म्हणजे उभा कडा. मनुष्यानें खरोशाचीं लेणीं कोरलीं, किल्ले रचले. तिच्या लेखीं ते नवे कडेच होत. १७६० मध्यें उदगीरास मराठे व निजाम झुंजले, १९४८ मध्यें संस्थान भारतांत आलें. तिच्या गरजा मात्र त्याच राहिल्या. खडबडीत दगड, वर आडोसा, जवळ ओला चिखल आणि हवेंत किडे.

आज जुन्या वास्तूंची डागडुजी होते, हें योग्यच आहे. परंतु घरटेंही घाण समजून खरवडलें, तर एक संबंध संसार मोडतो. पिलें उडेपर्यंत गवंड्यानें थापी आवरली, तर इमारतीचें कांहीं बिघडत नाहीं. आणि किल्ल्यांत अद्याप नांदत असलेला रहिवासी तेथेंच राहतो.