नित्याच्या सायकलीची घडण

सायकलीचा इतिहास सांगावयाचा म्हटला, म्हणजे तो बहुधा शर्यतींचा व विक्रमांचा इतिहास होऊन बसतो. कोणीं किती वेळांत किती मैल तोडले, कोणीं कोणता खंड ओलांडला, याच्या हकीकती रसभरित असतात आणि त्या वाचावयास गोडही लागतात. परंतु जगांतील बहुसंख्य सायकली शर्यतींत कधींच धांवल्या नाहींत. त्या कचेरीच्या दाराशीं, गिरणीच्या फाटकापाशीं, शाळेच्या कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. सकाळीं धन्यास कामावर पोंचवावें व संध्याकाळीं घरीं आणावें, एवढेंच त्यांचें जीवितकार्य. या सायकलीच्या अंगावर मडगार्ड, दिवा, घंटा, कॅरिअर, स्टँड, सांखळीवरील झांकण असें जें जें चढलें, त्या प्रत्येकामागें कोणाची तरी रोजची अडचण उभी आहे. त्या अडचणींचा इतिहास हाच नित्याच्या सायकलीचा खरा इतिहास होय.

इ. स. 1817 मध्यें जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल फॉन ड्राइस यानें जें दुचाकी वाहन चालविलें, त्यास पायडल नव्हतें. बसणाऱ्यानें जमिनीस पायानें रेटा देत पुढें जावयाचें, इतकीच त्याची युक्ति. 1860 नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पुढच्या चाकाच्या आंसास पायडल बसविलें गेलें. लोखंडी धांवेचीं तीं लांकडी चाकें फरसबंदीवरून जाऊं लागलीं म्हणजे स्वाराचीं हाडें खिळखिळीं होत. इंग्रजांनीं त्या वाहनास त्याच अर्थाचें नांव देऊन टाकलें. पायडल चाकालाच जखडलेलें असल्यामुळें त्याच्या एका फेऱ्यांत चाकाचाही एकच फेरा होई. वेग वाढवावयाचा तर चाक मोठें करण्यावांचून गत्यंतर नव्हतें. म्हणून 1870 नंतर पुढचें चाक वाढत वाढत पांच फुटांच्या घरांत गेलें आणि मागचें अगदीं इवलेंसें उरलें.

या उंच सायकलीची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तिचें चाक स्वाराच्या पायाच्या लांबीवरून ठरे. शिंपी जसें अंगाचें माप घेतो, तसें सायकल घेतांना पायाचें माप पाहावें लागे. कारण पाय पोंचेल त्याहून मोठें चाक फिरविणें कोणासही शक्य नव्हतें. माणसाच्या मापानें सायकल बेतण्याची कल्पना अशी फार जुनी आहे. परंतु हें मापाचें वाहन धट्ट्याकट्ट्या व सुखवस्तु तरुणांपुरतेंच राहिलें. वाटेंत दगड आडवा आला कीं स्वार पुढच्या चाकावरून डोक्यावर आपटे. कारकुनानें त्यावर बसून रोज कचेरीस जावें, प्रौढ गृहस्थानें बाजार करावा, स्त्रीनें झगा सांवरून दोन मैल जावें, असें तें वाहनच नव्हे.

हा पेंच सुटला तो कॉव्हेन्ट्री येथें. तेथील जॉन केम्प स्टार्ली यानें 1885 सालीं 'रोव्हर' नांवाची सायकल पुढें आणली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं होतीं व पायडलाचा जोर सांखळीनें मागच्या चाकास पोंचे. सांखळीच्या योगानें वेग चाकाच्या आकारापासून मोकळा झाला. पुढच्या दांतेरी चकतीस 44 व मागच्या चकतीस 18 दांत असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक जवळजवळ अडीच फेरे घेतें. चाक 28 इंची असल्यास सायकल तेवढ्यांत सुमारें 18 फूट पुढें जाते. चकत्या बदलल्या कीं हें प्रमाण बदलतें. चढावाच्या गांवीं राहणाऱ्यानें मागची चकती मोठी घ्यावी, सपाटीवर राहणाऱ्यानें लहान घ्यावी, ही निवड आतां साध्या माणसाच्या हातीं आली. बैठकीची दांडी वरखालीं सरकवितां येत असल्यामुळें एकाच घरांतील दोघां भावांना एक सायकल पुरूं लागली. बैठकीच्या उंचीचा जो ठोकताळा पुढें रूढ झाला, तो आजही खरा आहे. पायडल खालच्या टोकास असतां त्यावर टांच ठेवावी. पाय गुडघ्यांत सरळ झाला म्हणजे उंची बरोबर. मग चवड्यानें पायडल मारूं लागतांच गुडघा आपोआप किंचित् वांकलेला राहतो व दूरवर जाऊनही दुखत नाहीं.

यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं, 1888 सालीं, बेलफास्ट येथें जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठीं हवा भरलेला टायर तयार केला. रस्त्याचे धक्के हवेनें सोसले. परंतु आरंभींचे हे टायर कडीस चिकटविलेले असत आणि एखादा कांटा शिरला तर तो टायर उकलून पुन्हां चिकटविण्यांत तासन्‌तास जात. ज्यास दहा वाजतां कामावर हजर व्हावयाचें आहे, त्यास असें वाहन काय कामाचें? 1891 सालीं फ्रान्समध्यें मिशलँ बंधूंनीं कडीवरून सुटा करतां येणारा टायर काढला. त्याच वर्षीं पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याची जी मोठी शर्यत झाली, ती त्यांच्याच टायरवर शार्ल तेरों यानें जिंकली. वर्तमानपत्रांनीं गौरव केला तो विजयाचा. पण सामान्य माणसाच्या दृष्टीनें अधिक मोलाची गोष्ट ही होती, कीं आतां रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढतां येऊं लागलें.

येथून पुढें सायकल हें इंग्लंडांतील नोकरदाराचें वाहन झालें, आणि तेथल्या पावसानें व काळोखानें तिला आकार दिला. चाकांनीं उडविलेला चिखल कपड्यांवर येऊं नये म्हणून दोन्ही चाकांवर लांब पत्रे चढले. पाटलोणीचा पायथा सांखळींत अडकून फाटे व सांखळीचें वंगण पावसानें धुऊन जाई, म्हणून सांखळीवर झांकण आलें. वुल्व्हरहॅम्प्टन येथील जॉन मार्स्टन यांच्या 'सनबीम' सायकलीवर तर सांखळीसाठीं तेलाची बंद पेटीच असे. आंत सांखळी तेलांत भिजत फिरे व बाहेरची धूळ तिला शिवत नसे. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स यांनीं 1882 सालीं कातड्याच्या बैठकीचें पेटंट घेतलें होतें. ताणून बसविलेलें तें कातडें वापरणाऱ्याच्या शरीराप्रमाणें हळूहळू आकार घेई. कारखान्यांत ठरलेलें माप रोजच्या वापरांत असें निजाचें होत असे.

ब्रेकच्या बाबतींतही हाच विचार दिसतो. ज्यांना वजन कमी हवें होतें त्यांनीं तारेचे ब्रेक पत्करले. कामाच्या सायकलीवर मात्र सळयांचे ब्रेक अनेक वर्षें टिकले. मुठीखालचा दांडा दाबला म्हणजे सळया ओढल्या जात व रबरी ठोकळे कडीला आंतून दाबून धरीत. पावसांत लोखंडी कड ओली झाली कीं हा ब्रेक मंद पडे, हा त्याचा दोष खराच. पण तार गंजून तुटण्याचें भय त्यांत नव्हतें आणि एक पान्हा जवळ असला तर कोणासही तो दुरुस्त करतां येई. नॉटिंगहॅम येथें 1902 सालीं स्टर्मी-आर्चर यांची तीन गतींची यंत्रणा पुढें आली. ती मागच्या चाकाच्या मध्यभागीं बंद डबींत असल्यामुळें तिला चिखल लागत नसे. तिचा 1936 सालचा प्रसिद्ध नमुना मधल्या गतीपेक्षां वरची गति एकतृतीयांशानें अधिक व खालची गति एकचतुर्थांशानें कमी देई. समोरचा वारा, गांवाबाहेरचा चढ आणि पाठीवरचें ओझें, या तिन्हींना तेवढा फरक पुरेसा होता. तेलाच्या दिव्यांमागून कार्बाइडवर पाणी ठिबकवून पेटणारे गॅसचे दिवे आले व त्यांच्यामागून टायरवर घांसून वीज करणारा डायनॅमो आला.

हिंदुस्थानांत सायकल आली ती परदेशी, महाग व अपूर्वाईची वस्तु म्हणून. तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील बेळगांव येथें लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं 1888 सालीं सायकलींचें दुकान काढलें. पुढें नांगर, चरक व यंत्रें यांसाठीं प्रसिद्ध झालेल्या उद्योगाचा उगम असा दुचाकीच्या दुकानांत आहे. 'पायगाडी' या नांवानें ओळखलें जाणारें हें वाहन पुढील चार-पांच दशकांत कारकून, शिक्षक, कामगार, विद्यार्थी यांच्या हातीं आलें. पुण्याची भूमि तिला विशेष मानवली. पेठांतून निघून चार-पांच मैलांवरील खडकीच्या दारूगोळा कारखान्यांत जाणारे कामगार आणि नदीपलीकडील कॉलेजांत जाणारे विद्यार्थी यांच्या सायकलींनीं तेथील पूल सकाळ-संध्याकाळ भरून जात, आणि पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाऊं लागलें. नगरपालिकेच्या कराचा बिल्ला व रात्रीचा दिवा या दोन गोष्टी मग नागरिकाच्या सायकलीवर अपरिहार्य ठरल्या.

परंतु इंग्लंडांतून आलेल्या या सायकलीबरोबर तिथली निवड मात्र पूर्णपणें आली नाहीं. तिथल्या गिऱ्हाइकास निरनिराळ्या उंचींचे सांगाडे, निरनिराळ्या गती व झांकणें यांतून आपल्याजोगें घेतां येई. येथें बहुतेकांच्या वांट्यास आली ती 22 किंवा 24 इंची सांगाड्याची, एकाच गतीची, काळ्या रंगाची भक्कम सायकल. ठेंगण्या माणसाचे पाय तिला जेमतेम पुरत. मुलें तर बैठकीवर न बसतां आडव्या दांड्याखालून पाय घालून ती चालवावयास शिकत. मुलींसाठीं आडवा दांडा नसलेली सायकल होती खरी. पण घरांत सायकल एकच असली तर ती बहुधा पुरुषाच्या मापाचीच असे. दोन चाकांनीं अंतर कोणाचें कमी केलें व कोणाचें तसेंच ठेवलें, हा प्रश्न सांगाड्याच्या एका नळीशीं येऊन ठेपतो.

कारखान्यानें जें माप दिलें नाहीं, तें गल्लींतील सायकलवाल्यानें दिलें. त्याच्या दुकानांत प्रत्येक नवी सायकल दुसऱ्यांदां घडे. बैठक खालीं घेणें, हँडल वर करणें, मागच्या चाकावर साडीसाठीं जाळी बसविणें, पुढच्या दांड्यावर लहान मुलाची बैठक जोडणें, अशीं कामें तेथें रोज चालत. दूधवाल्याच्या सायकलीस दोहों बाजूंनीं कॅन टांगावयाचे, म्हणून तिच्या पुढच्या कात्रीस जादा सळयांचा आधार मिळे. मुंबईच्या डबेवाल्यानें हँडलच्या दोन्ही अंगांना व मागें डबे टांगून आपल्या सायकलीचें मालवाहू गाडींत रूपांतर केलें. यांपैकीं कोणाचेंही नांव पेटंटांच्या दप्तरांत सांपडावयाचें नाहीं. परंतु सायकल आपल्या समाजाच्या अंगाला बसली ती या हातांमुळें.

स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांनीं सायकल स्वस्त केली. 1949 सालीं मद्रासेस टी. आय. सायकल्स, 1951 सालीं सोनीपत येथें ॲटलस व 1956 सालीं लुधियाना येथें हीरो असे मोठे कारखाने उभे राहिले. पुढें स्कूटर व मोटरसायकल आल्या, शहरें पसरलीं, अंतरें वाढलीं, आणि ज्यास परवडेल त्यानें सायकल सोडावी असा प्रघात पडला. मुंबईची हिंद सायकल्स व आसनसोलची सेन-रॅले या जुन्या कंपन्या 1980 च्या कायद्यानें सरकारनें ताब्यांत घेतल्या. 3 जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनीं 2018 सालीं जागतिक सायकलदिन म्हणून जाहीर केला. 2020 सालीं नेमक्या त्याच दिवशीं ॲटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्यांतील काम थांबलें.

आज शहरांतील सुशिक्षित घरांत सायकल पुन्हां येऊं लागली आहे. पण ती बहुधा व्यायामाची किंवा शर्यतीची म्हणून येते. तिला अनेक गती असतात, तारेचे किंवा तबकडीचे उत्तम ब्रेक असतात. मात्र पुष्कळदां मडगार्ड नसतें, कॅरिअर नसतें, सांखळीस झांकण नसतें, दिवाही नसतो. पहिला पाऊस पडतांच पाठीवर चिखलाची रेघ उमटते, आणि कचेरीस जाण्याचा संकल्प तेथेंच मोडतो. अशा वेळीं दोष आपल्या निश्चयास देण्यापूर्वीं हा जुना इतिहास आठवावा. आधीं बैठकीची उंची, मग हँडलपर्यंतचें अंतर, मग गांवाच्या चढउताराप्रमाणें गति. त्यानंतर ब्रेक, मडगार्ड, दिवा, आणि शेवटीं डबा व कागदपत्रें वाहणारें कॅरिअर, असा क्रम लावला म्हणजे शर्यतीचें यंत्रही नित्याचें वाहन होऊं शकतें. यांतील कोणतीही वस्तु नवी नाहीं, आणि कोणतीही फार महाग नाहीं.

उंच सायकलीच्या काळीं माप घेतलें जाई तें मोजक्या सुखवस्तूंचें. पुढच्या शंभर वर्षांत तें माप कारकुनापर्यंत, कामगारापर्यंत, शाळेंत जाणाऱ्या मुलीपर्यंत येऊन पोंचलें, आणि त्यासाठीं मोठ्या शोधकांइतकेच गल्लींतील कारागीरही खपले. सायकलीची प्रगति केवळ तिच्या वेगावरून मोजूं नये. भर पावसांत, काळोखांत, हातांत ओझें असतां ती किती जणांना सुखरूप घरीं पोंचविते, हें पाहावें. रस्ता बांधणाऱ्यांनीं व वाहन विकणाऱ्यांनीं हें माप डोळ्यांपुढें ठेवलें, तर कचेरीच्या दारांशीं सायकली पुन्हां उभ्या राहूं लागतील.