पहिली आणि दुसरी

वाचकहो, आपल्या मराठी घरांतून ‘पहिली’ या शब्दाला मोठा मान आहे. आनंदीबाई जोशींचे नाव शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या, हे फार थोड्यांना आठवते. पहिलेपणाची नोंद होते. शेजारी कोण उभे होते, ते शोधावे लागते. अशाच दोघींची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. ती अमेरिकेतली आहे, आणि विमान नुकतेच उडू लागले होते त्या दिवसांतली.

तो काळ किती कोवळा होता पाहा. राइट बंधूंचे विमान उडाले डिसेंबर १९०३ मध्ये. आपल्याकडे १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानातून नेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, तरी त्याची इतिहासात नोंद झाली. विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि एक बेभरवशाचे इंजिन. चालवणारा उघड्यावर बसे.

त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर मॉइसंट कुटुंबाची विमानविद्येची शाळा चालत होती. जॉन मॉइसंट याने १९१० मध्ये सोबत आपल्या मेकॅनिकला घेऊन इंग्लिश खाडी ओलांडली होती. वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, न्यू ऑर्लिन्स येथे तो अपघातात गेला. शाळा पुढे चालवली त्याचा भाऊ आल्फ्रेड याने. ज्या घरातला एक मुलगा विमानाने नेला होता, त्याच घरातली बहीण मटिल्ड काही महिन्यांत विमान शिकायला उभी राहिली. तिच्याबरोबर शिकत होती हॅरिएट क्विम्बी, ‘लेस्लीज’ साप्ताहिकात नाटकांची परीक्षणे आणि लेख लिहिणारी, स्वतः फोटो काढणारी बाई. १९१० च्या ऑक्टोबरात बेलमाँट पार्कच्या विमानमेळाव्यात तिने जॉनला उडताना पाहिले आणि तेव्हापासून तिला या विद्येचा ध्यास लागला.

धडे पहाटे होत, कारण वारा तेव्हा पडलेला असे. १ ऑगस्ट १९११ रोजी हॅरिएटला एअरो क्लब ऑफ अमेरिकेचा परवाना मिळाला, क्रमांक ३७. अमेरिकेतली ती पहिली परवानाधारक वैमानिक स्त्री. त्याच महिन्यात मटिल्डलाही मिळाला, क्रमांक ४४. ती दुसरी. दोघींत काही दिवसांचेच अंतर, पण तेवढ्याने एकीचे नाव पाठ्यपुस्तकात गेले आणि दुसरीचे तळटीपेत.

मैदानावर मात्र हा क्रम चालत नव्हता. सप्टेंबरातल्या मेळाव्यात सुमारे १२०० फूट उंची गाठून मटिल्डने करंडक जिंकला. हॅरिएटला झळकायची हौस होती. तिचा जांभळट साटीनचा उड्डाणपोशाख गाजलेला होता. मटिल्ड तेराचा आकडा शुभ मानी. त्या वर्षाच्या अखेरीस मॉइसंटांच्या वैमानिक मंडळीबरोबर दोघी मेक्सिकोला गेल्या. इंग्लिश खाडी एकटीने ओलांडायची हा विचार हॅरिएटच्या मनात पक्का झाला तो तिथेच.

आता १९१२ च्या एप्रिलातले तीन दिवस पाहा. घरच्यांच्या आग्रहामुळे मटिल्डने उड्डाण सोडायचे ठरवले होते. १४ तारखेला टेक्सासमध्ये विचिटा फॉल्स येथे ती उतरत असताना गर्दी मैदानात घुसली. माणसे वाचवायला तिने विमान पुन्हा वर उचलले. ते कोसळले आणि पेटले. तिला ओढून बाहेर काढण्यात आले. जाड लोकरी कपड्यांमुळे ती वाचली. १५ तारखेच्या पहाटे ‘टायटॅनिक’ बुडाली. आणि १६ तारखेला हॅरिएट डोव्हरहून निघाली. जवळ होकायंत्र होते, पण ते वापरायची सवय नव्हती. मित्र गुस्ताव्ह हॅमेलने सुचवले होते की, तिचा पोशाख घालून आपण उडतो आणि पलीकडे गुपचूप जागा बदलू. तिने नकार दिला. दाट धुक्यातून ५९ मिनिटांत ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्देलो येथे उतरली. खाडी विमानाने ओलांडणारी ती पहिली स्त्री वैमानिक. पण वर्तमानपत्रांची पाने बुडालेल्या जहाजाने भरली होती. तिची बातमी कोपऱ्यात गेली.

अडीच महिन्यांनी, १ जुलै रोजी, बॉस्टनजवळ स्क्वांटम येथे ती मेळाव्याचा व्यवस्थापक विल्यम विलर्ड याला घेऊन उडाली. हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत विमानाचे नाक एकाएकी खाली झुकले आणि आधी विलर्ड, मग हॅरिएट बाहेर फेकली गेली. दोघेही उथळ पाण्यात पडून गेले. बसणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा त्या विमानात नव्हता. हॅरिएट ३७ वर्षांची होती, आणि परवाना मिळून अकरा महिने झाले होते.

मटिल्ड मात्र जगली. १९६४ मध्ये, ८५ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात ती वारली. कापडी पंखांपासून अंतराळयानापर्यंतचा काळ तिने पाहिला. हॅरिएटला जे दिसू शकले नाही, ते तिच्या मैत्रिणीने पाहिले.

या दोघींच्या मैत्रीचा कागद म्हणाल तर परवान्यांचे दोन आकडे. पण त्यांतून एक गोष्ट समजते. एकटी बाई उडाली तर लोक तिला नवल म्हणून पाहतात, आणि नवल लवकर विसरले जाते. दुसरी तिच्या मागून निघाली की तिसरीला घरात सांगायला आधार मिळतो. ज्या घराने भावाचे प्रेत पाहिले, त्या घरातली मुलगी जेव्हा त्याच मैदानावर विमानात बसली, तेव्हा हॅरिएटचे धाडस एकटे राहिले नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या गावात, आपल्या घराण्यात ‘पहिली मॅट्रिक’, ‘पहिली शिक्षिका’ यांची नावे जपलेली असतील. त्यांच्याबरोबर बाकावर कोण बसत होती, परीक्षेला टांग्यातून सोबत कोण गेली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, आणि ते दुसरे नावही लिहून ठेवा. सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.