अलास्कातील १९३५ चा विमान अपघात

वायली पोस्ट हा एका डोळ्याने अंध असलेला अमेरिकी वैमानिक. १९३३ मध्ये त्याने ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो पहिलाच. १९३५ च्या उन्हाळ्यात विनोदी लेखक आणि चित्रपट अभिनेता विल रॉजर्स याला सोबत घेऊन तो अलास्काच्या सफरीवर निघाला.

त्याचे एक इंजिनाचे विमान दोन वेगवेगळ्या लॉकहीड विमानांचे भाग जोडून तयार केले होते: धड ओरायनचे आणि पंख एक्स्प्लोररचे. पाण्यावर उतरता यावे म्हणून चाकांऐवजी जड फ्लोट बसवले होते. त्यामुळे विमानाचा भार नाकाकडे झुकला आणि वेग कमी असताना ते सावरणे अवघड झाले.

१५ ऑगस्ट १९३५ रोजी धुक्यात वाट चुकल्याने पोस्टने पॉइंट बॅरोजवळच्या एका खाजण सरोवरात विमान उतरवले. तेथील इनुपियाट लोकांना रस्ता विचारून त्याने पुन्हा उड्डाण केले. विमान थोडे वर जाताच इंजिन बंद पडले. वेग वाढवायला किंवा विमान सावरायला पुरेशी उंची नव्हती. विमान नाकावर उथळ पाण्यात कोसळले आणि दोघेही जागीच मृत्युमुखी पडले. एका इनुपियाट माणसाने धावत जवळचे बॅरो गाव गाठून ही बातमी पोहोचवली.

उड्डाणानंतरचे पहिले काही क्षण फार नाजूक असतात, कारण तेव्हा वैमानिकाच्या हाती उंचीही नसते आणि वेगही नसतो. तेव्हा बॅरो म्हटल्या जाणाऱ्या त्या गावाच्या विमानतळाला आज पोस्ट आणि रॉजर्स या दोघांचे नाव आहे.